रायगडावरील शिवराज्याभिषेक सोहळ्याला विद्यार्थ्यांचा गट नेताना करावयाची तयारी

दरवर्षी ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेकाचा सोहळा होतो आणि त्यासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात. त्यांत शाळा-महाविद्यालयांचे गटही पुष्कळ असतात. सोहळा कसा असतो हे बहुतेकांनी दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर पाहिलेले असते, त्यामुळे तयारी करताना सगळे लक्ष फेटे, झेंडे आणि घोषणा यांकडे जाते. प्रत्यक्षात गटप्रमुखाची कसोटी दरबाराच्या जागी, म्हणजे राजसदरेवर लागत नाही, ती पायऱ्यांवर लागते. पायथ्याकडच्या चित दरवाजापासून वर जाणाऱ्या दीड हजाराच्या आसपास पायऱ्या, जूनच्या पहिल्या आठवड्यातील कोकणचा उकाडा आणि त्याच वाटेने एकाच वेळी चढू-उतरू पाहणारे हजारो लोक, या तीन गोष्टींचा विचार करून आखणी केली तर बाकीचे बरेचसे आपोआप जमून येते.

तारीख ठरवताना

महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे ६ जून १६७४ रोजी झाला. त्यामुळे गडावर तारखेप्रमाणे आणि तिथीप्रमाणे असे दोन सोहळे होतात. ६ जूनचा सोहळा अखिल भारतीय शिवराज्याभिषेक महोत्सव समिती भरवते. तिथीचा दिवस मात्र दरवर्षी सरकतो : २०२३ मध्ये तो २ जूनला आला होता, तर २०२४ मध्ये २० जूनला. कोणत्या सोहळ्याला जायचे हे आधी नक्की करावे आणि पालकांना पाठवायच्या पत्रात ते स्पष्ट लिहावे, कारण या बाबतीत घरोघरी गैरसमज होतो. तिथी जूनच्या उत्तरार्धात येत असेल, तर पाऊस पूर्ण लागलेला असणार हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. माझे मत असे की, शाळकरी मुलांना भर पावसात त्या पायऱ्यांवर नेऊ नये. २०२४ च्या जुलैत मुसळधार पावसाने पायऱ्यांवरून ओढ्यासारखे पाणी वाहू लागले आणि पर्यटक अडकून पडले, ती दृश्ये ज्यांनी पाहिली असतील त्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको.

६ जूनची वेगळीच अडचण असते. तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते आणि मुले मामाच्या गावी, शेतावर नाहीतर लग्नकार्यात विखुरलेली असतात. म्हणून नावे, संमतीपत्रे आणि पैसे हे सगळे सुट्टी लागण्यापूर्वी, एप्रिलमध्येच गोळा करावे. संमतीपत्रावर केवळ सही असून चालणार नाही. दमा, हृदयविकार, फिट येणे, गुडघ्याचे जुने दुखणे आणि चालू असलेली औषधे यांची नोंद त्यावर पालकांनी स्वतःच्या हाताने करावी. ज्यांना चढ झेपणार नाही, त्यांच्यासाठी हिरकणीवाडीहून रोपवे आहे; मात्र सोहळ्याच्या दिवशी तिथली रांग तासन्‌तास हलत नाही, तेव्हा संपूर्ण गटाचा बेत रोपवेच्या भरवशावर करू नये. शाळेने शिक्षण विभागाची परवानगी आणि महाविद्यालयाने प्राचार्यांचे लेखी पत्र सोबत ठेवावे.

प्रवास आणि मुक्काम

एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे गटापुरती पूर्ण भाड्याने घेणे हा सर्वांत निर्धास्त मार्ग आहे. शैक्षणिक सहलींना त्यात सवलतही मिळते, परंतु त्यासाठी संस्थेचे पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी आगारात आधी द्यावी लागते. मुंबईकडून येणाऱ्यांना महामार्गाने माणगावमार्गे महाड गाठता येते. पुण्याकडून येणाऱ्यांनी ताम्हिणी घाट धरावा. वरंध घाट पावसाळ्याच्या तोंडावर बंद असण्याची शक्यता असते. रेल्वेने यायचे झाल्यास कोकण रेल्वेची माणगाव आणि वीर ही स्थानके जवळची आहेत, पण तिथून पुढे वाहनाची सोय आधीच केलेली असावी. महाडपासून गडाच्या पायथ्याचे पाचाड गाव सुमारे २५ किलोमीटर आहे. सोहळ्याच्या काळात खासगी वाहने पाचाडच्या बरीच अलीकडे, कोंझरसारख्या गावांजवळ थांबवली जातात आणि पुढचा टप्पा एसटीच्या फेऱ्यांनी पार करावा लागतो. या बदलात दीड-दोन तास सहज जातात. बहुतेक वेळापत्रके इथेच कोलमडतात.

मुक्कामाविषयी दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ५ जूनला दुपारी चारच्या सुमारास चढायला लागावे, दिवेलागणीला गडावर पोहोचावे, रात्रीचा जागर आणि गोंधळ पाहावा आणि तिथेच पथारी टाकावी. दुसरा म्हणतो, रात्र महाडला किंवा पाचाडला काढावी आणि पहाटे चारला विजेऱ्या घेऊन चढाई सुरू करावी. महाविद्यालयीन मुलांसाठी पहिला मार्ग चांगला आहे, कारण गडावरची ती रात्र विसरता येत नाही. मात्र उघड्यावर झोपण्याची, अचानक आलेल्या सरीत भिजण्याची आणि स्वच्छतागृहासाठी ताटकळण्याची तयारी हवी. शाळेच्या गटाने, विशेषतः मुली सोबत असतील तर, पायथ्याचा मुक्काम निवडावा. तो मुक्काम दोन महिने आधी ठरवावा. ५ जूनला महाडात खोली शोधत फिरणाऱ्या एका गटाबरोबर मी रात्री अकरा वाजेपर्यंत हिंडलो आहे आणि अखेरीस एका भल्या माणसाच्या ओसरीवर झोपलो आहे.

गटाची रचना

एका गाडीत मावतील तेवढेच विद्यार्थी घ्यावेत. त्यांच्या आठ-आठ जणांच्या तुकड्या कराव्यात, प्रत्येक तुकडीला एक शिक्षक किंवा जबाबदार ज्येष्ठ विद्यार्थी नेमावा आणि तुकडीच्या आत जोड्या लावाव्यात. जोडीदार दिसेनासा झाला की जागेवर थांबून लगेच सांगायचे, एवढा एकच नियम पाठ करून घेतला तरी पुष्कळ काम होते. संपूर्ण गटाच्या सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे गड पाहिलेला माणूस असावा. मागच्याने कोणालाही आपल्या मागे राहू देऊ नये. एक शिक्षक पाचाडलाच ठेवावा. ज्याला अर्ध्यातून उतरावे लागेल त्याला सांभाळायला खाली कोणीतरी असलेच पाहिजे.

मोबाइलवर अवलंबून राहू नये. इतकी माणसे एकत्र आली की फोन लागत नाहीत, लागले तरी नगाऱ्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. म्हणून भेटण्याची जागा आणि वेळ आधी ठरवून प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहून द्यावी. होळीचा माळ, म्हणजे गडावरचे मोठे पटांगण, ही जागा सर्वांना सुचते, पण गर्दी तिथेच सर्वाधिक असते. महादरवाजातून वर आल्यावर लागणारा हत्ती तलाव त्यापेक्षा बरा : ओळखायला सोपा आणि परतीच्या वाटेवरचा. त्याच कागदावर गटप्रमुखाचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांकही असावा.

चढाई

दोन-तीन आठवडे आधी आपल्या गावाजवळच्या टेकडीवर किंवा किल्ल्यावर सगळ्यांना एकदा चढवून पाहावे. कोणाची दमछाक होते, कोणाचे बूट चावतात आणि कोणाला मुळात हौसच नाही, हे तिथेच कळते. बूट वापरातले आणि चांगली पकड असलेले हवेत. सोहळ्यासाठी नवे कोरे बूट घेऊन येणारा मुलगा संध्याकाळी हमखास अनवाणी उतरताना दिसतो. कपडे सुती आणि सैल असावेत. फेटा बांधायचा असेल तर तो पिशवीतून न्यावा आणि वर गेल्यावर बांधावा. पावसासाठी छत्रीऐवजी पातळ रेनकोट घ्यावा, कारण गर्दीत छत्रीच्या काड्या डोळ्यांशी येतात. झेंड्याच्या काठीचेही तसेच आहे. लांब बांबू खांद्यावर टाकून पायऱ्या चढणारा उत्साही वीर मागे वळला की त्याच्या मागच्या चार जणांना खाली वाकावे लागते. तुकडीला एकच झेंडा आणि तोही आखूड काठीचा असावा. खऱ्या तलवारी, कट्यारी नेण्याचा हट्ट कोणी केला तर तो घरीच मोडून काढावा.

प्रत्येकाजवळ किमान दोन लिटर पाणी असावे आणि प्रत्येक तुकडीकडे मीठ-साखरेची पाकिटे असावीत. जूनच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले हे मुलांच्या ध्यानात येत नाही. डोके दुखणे, मळमळणे, बोलता-बोलता अडखळणे ही लक्षणे दिसताच त्या मुलाला सावलीत बसवावे, मानेवर ओले फडके ठेवावे आणि घोटघोट पाणी द्यावे. ‘थोडेच राहिले आहे’ असे सांगून पुढे ओढू नये. खाण्यासाठी दशम्या, तिखट पुऱ्या, कोरडी चटणी, शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू उत्तम. दहीभात आणि रस्सा भाज्या उकाड्यात आंबतात. गडावर अन्नछत्र असते, त्याचा प्रसाद अवश्य घ्यावा, परंतु रांगेचा विचार करता पोटाची सोय स्वतःची असावी. रिकाम्या बाटल्या आणि कागद खाली आणण्यासाठी तुकडीगणिक एक पिशवी द्यावी. रायगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्मारक आहे आणि जुलै २०२५ पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीतही आहे. तिथे आपल्या शाळेचे नाव छापलेली पिशवी पडलेली दिसणे ही लाजिरवाणी गोष्ट ठरेल.

चढताना सर्वांत जपायची जागा महादरवाजा. दोन भक्कम बुरुजांच्या कुशीत दडलेल्या या गोमुखी दरवाजाजवळ वाट वळते आणि अरुंद होते. चाल करून येणाऱ्या शत्रूला समोरून दरवाजा दिसू नये आणि त्याच्या लोंढ्याचा जोर वळणावर मोडावा, यासाठीच ती रचना केलेली आहे. साडेतीनशे वर्षांनंतर तीच रचना भक्तांच्या लोंढ्याचाही जोर तितक्याच निष्ठुरपणे मोडते. तेव्हा वळणाच्या अलीकडेच तुकडी एकत्र करावी, घोषणा थांबवाव्यात, एकामागे एक ओळ धरावी आणि दरवाजा ओलांडून मोकळ्या जागेत जाईपर्यंत कोणी फोटोसाठी थांबू नये. संपूर्ण वाटेवर डोंगराच्या अंगाने चालावे, दरीची बाजू रिकामी सोडावी. टकमक टोक आणि हिरकणी बुरूज त्या दिवशी पाहण्याच्या यादीतून सरळ वगळावेत. वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. गडगडाट सुरू झाला तर माळावर, बुरुजांवर किंवा झेंड्याच्या खांबाजवळ उभे राहू नये.

काय पाहायचे, ते आधी वर्गात

सोहळ्याच्या गर्दीत माहिती सांगता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दोन तासिका तरी गडाचा नकाशा फळ्यावर काढून घालवाव्यात आणि प्रत्येक तुकडीला एकेक ठिकाण वाटून द्यावे. नगारखान्यात हलक्या आवाजात बोललेले सिंहासनाच्या जागी ऐकू येते, ही गोष्ट सोहळ्याच्या दिवशी अनुभवता येणार नाही, पण नगारखाना आणि सिंहासनाच्या जागेवरची मेघडंबरी (छत्री) यांतील अंतर पाहताना ती आठवली पाहिजे. गागाभट्टांनी केलेले विधी, होन आणि शिवराई ही नाणी, अष्टप्रधानांना मिळालेली संस्कृत नावे, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश हे विषय मुलांकडूनच वदवून घ्यावेत. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाला हजर होता. दरबाराबाहेर उभे असलेले हत्ती पाहून, असल्या बिकट वाटेने ते वर आणले तरी कसे, याचा त्याला अचंबा वाटला आणि त्याने तो लिहूनही ठेवला. हा प्रसंग आदल्या दिवशी सांगितला, तर दुसऱ्या दिवशी हजाराव्या पायरीवर धापा टाकणारी मुले तोच प्रश्न एकमेकांना विचारताना आढळतात.

सकाळी नगारखान्यासमोर ध्वजारोहण, राजसदरेवर अभिषेक, मर्दानी खेळ आणि त्यानंतर पालखी, असा साधारण क्रम असतो. राजसदरेच्या अगदी पुढे जागा मिळावी म्हणून मुलांना रेटू नये. होळीच्या माळाच्या कडेला, शिरकाई देवीच्या मंदिराच्या अंगाला उभे राहिले तर मर्दानी खेळ आणि पालखी दोन्ही नीट दिसतात आणि बाहेर पडायला वाटही मोकळी राहते. पालखी बाजारपेठेतून जगदीश्वराकडे आणि पुढे महाराजांच्या समाधीकडे जाते. जगदीश्वराच्या पायरीवरचा, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा ‘सेवेचे ठायी तत्पर’ हा शिलालेख दाखवायचा असेल, तर पालखी येण्यापूर्वी, सकाळी लवकर तिकडे जाऊन यावे.

उतरणे

पायऱ्यांवरचे अपघात चढताना कमी आणि उतरताना जास्त होतात, कारण पाय थरथरत असतात आणि मन घरी पोहोचलेले असते. लहान मुलांचा गट असेल तर पालखी बाजारपेठेकडे वळताच परत फिरावे. सगळी गर्दी त्या वेळी जगदीश्वराकडे सरकत असल्याने महादरवाजा तुलनेने मोकळा मिळतो. मोठ्या मुलांनी शेवटपर्यंत थांबायला हरकत नाही, पण मग लगेच न निघता जेवून, तासभर विसावून, चारच्या सुमारास उतरावे. हत्ती तलावाजवळ पहिली मोजणी, चित दरवाजाला दुसरी आणि गाडीत तिसरी. मोजणी तुकडीप्रमुखाने नाव घेऊन करावी. नुसती डोकी मोजली की दुसऱ्याच शाळेचा मुलगा मोजला जातो, हा स्वानुभव आहे.

पाचाडला एसटीच्या फेरीची वाट पाहावी लागतेच. तो वेळ जिजाऊंच्या समाधीपाशी घालवावा. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी इथेच देह ठेवला. दिवसभर घोषणा देऊन आवाज बसलेली मुले तिथे न सांगता शांत बसतात, आणि प्रमुखाला प्रत्येक पालकाला ‘सगळे सुखरूप उतरलो’ असा निरोप पाठवायला सवड मिळते.