चिनी काढ्यात वनस्पती किती? या चुका टाळा

डोकं दुखतं? एक वनस्पती. झोप येत नाही? आणखी एक. पोट साफ होत नाही? तिसरी. चिनी औषधशास्त्र नव्याने शिकणाऱ्याच्या कागदावर अशी बघता बघता वीस-बावीस नावं उतरतात. याला काढा म्हणत नाहीत, ही वाणसामानाची यादी झाली. तक्रारी दहा असल्या तरी त्यांच्या मुळाशी काय आहे ते आधी ठरवायचं आणि त्यावर ‘राजा’, म्हणजे मुख्य वनस्पती, निवडायचा. मंत्री, सहायक आणि दूत म्हणजे त्याला साथ देणाऱ्या वनस्पती, त्या त्याच्या मागून येतात. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथातला एक हिशेब असा: लहान योग (वनस्पतींचं ठरलेलं मिश्रण) म्हणजे एक राजा, दोन मंत्री, मध्यम म्हणजे एक राजा, तीन मंत्री, पाच सहायक, मोठ्यात सहायक नऊ. मोठा योगसुद्धा तेरावर थांबतो, आणि राजा तिन्हींत एकच.

मला जास्त खटकते ती दुसरी चूक: नावं मोजायची आणि वजन विसरायचं. इ.स. 200च्या सुमारास चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांनी लिहिलेला ‘ग्वेइझी तांग’ हा काढा घ्या. दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनी या फुलझाडाचं मूळ आणि ओलं आलं प्रत्येकी 3 लिआंग (जुनं चिनी वजन), ज्येष्ठमध 2 लिआंग, चिनी बोरं 12. हा सर्दी-तापाचा काढा. यातली पिओनी 3 ची 6 लिआंग करा. वनस्पती त्याच पाच, पण योगाचं नाव बदललं आणि तो पोटदुखीवर गेला! मूळ काढ्यावर गरम पातळ पेज प्यायला सांगितली आहे, घाम फुटावा म्हणून. पेज पाचांत धरत नाहीत, पण ती गाळली तर काढ्याला उगीच बोल लागतो.

म्हणून गुण येत नसेल तर सहावी वनस्पती टाकायची घाई नको. निदान बरोबर आहे ना, राजाचं वजन पुरेसं आहे ना, हे आधी पाहा. कमी वनस्पती म्हणजे कमजोर औषध, असंही नाही. ‘दुशेन तांग’मध्ये एकटं जिनसेंग असतं.

तयार योग एकावर एक घेणाऱ्यांचा हिशेब हमखास ज्येष्ठमधावर चुकतो. पाठ आखडली म्हणून ‘गेगेन तांग’, पायात गोळे येतात म्हणून ‘शाओयाओ गानत्साओ तांग’. पहिल्यात सात वनस्पती, दुसऱ्यात दोन. बेरीज नऊ वाटते, पण पिओनी आणि ज्येष्ठमध दोन्हींत आहेत, म्हणजे वनस्पती सातच आणि ज्येष्ठमधाचा डोस दोनदा. तो अंगावर आला की पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दोन्ही पाकिटं आधी डॉक्टरांना दाखवा.