प्लगचे आटे गेल्यास काय करावे: फवारणी पंप, ब्रश कटर आणि वीडरच्या पेट्रोल इंजिनांसाठी हंगामी सल्ला

मृगाच्या पावसावर पेरण्या आटोपल्या की जुलै-ऑगस्टमध्ये कोळपणी, तणनियंत्रण आणि फवारणी ही कामे पाठोपाठ येतात, आणि याच दिवसांत पाठीवरचे पेट्रोल फवारणी पंप, ब्रश कटर व लहान पॉवर वीडर सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतात. कामाच्या घाईत इंजिन बंद पडले की बांधावरच प्लग काढला जातो, पुसला जातो आणि जोर लावून पुन्हा आवळला जातो. असे काही वेळा झाले की एके दिवशी प्लग नुसताच फिरत राहतो, आवळला जात नाही. आपण म्हणतो की प्लगचे आटे गेले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आटे जातात ते हेडमधले, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या सिलिंडरच्या वरच्या भागातले, कारण प्लगचा आटा पोलादाचा असतो आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. डिझेलवर चालणाऱ्या वीडरला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे पुढील सल्ला केवळ पेट्रोल इंजिनांसाठी आहे.

हे नुकसान बांधावरच का होते, हे समजून घेतले पाहिजे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे गरम हेडचे भोक थोडे मोठे झालेले असते आणि त्यात थंड प्लग कितीही आवळला तरी हाताला तो सैल वाटतो. इंजिन निवल्यावर तेच भोक आकसून प्लगला घट्ट धरते, आणि पुढच्या खेपेस प्लग काढताना मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे त्याच्याबरोबर ओरबाडून निघतात. तिरका सुरू केलेला प्लग आणि पान्याला लावलेला लांब पाइप ही दुसरी दोन कारणे आहेत. म्हणून इंजिन हाताला थंड लागेपर्यंत प्लगला पाना लावू नये, मग त्यासाठी अर्धा तास गेला तरी चालेल. आटे गेल्यावर त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

प्लगभोवती तेलकट काळा डाग दिसणे, इंजिन चालताना फुसफुस आवाज येणे आणि दोरी ओढताना नेहमीचा विरोध न जाणवणे ही आटे सुटू लागल्याची लक्षणे आहेत. अशा अवस्थेत काम रेटू नये. प्लगची उष्णता आट्यांतून आणि बैठकीतून (प्लगचा वॉशर जेथे टेकतो ती जागा) हेडमध्ये उतरत असते. प्लग सैल असेल तर तो लालबुंद होऊन मिश्रण अवेळी पेटवतो, आणि दोन-स्ट्रोक इंजिनात त्याने पिस्टनला भोकही पडू शकते. प्लग उडून कोणाच्या अंगावर येण्याचा धोका वेगळाच. एम-सील भरून किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळून प्लग बसवण्याचा उपाय अनेक ठिकाणी केला जातो, परंतु दोन्ही पदार्थ तेथील उष्णता व दाब सोसत नाहीत, आणि पुढे पक्की दुरुस्ती करताना ते आट्यांतून काढत बसावे लागते. तो उपाय करूच नये.

प्रथम नुकसान किती आहे ते पाहावे. वरचे एक-दोन आटेच चेपले असतील आणि खालचे शाबूत असतील, तर त्याच मापाचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) ग्रीस लावून हाताने हळू फिरवल्यास आटे साफ होतात. टॅप नसल्यास जुन्या प्लगच्या आट्यांवर हॅक्सॉने उभ्या तीन खाचा पाडाव्यात. तो प्लग मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये टॅपसारखेच काम करतो. मात्र आटे पूर्ण निघाले असतील, तर त्या भोकात पुन्हा तोच टॅप मारून काही उपयोग नाही, कारण आटे पाडायला तेथे धातूच उरलेला नसतो.

अशा वेळी खात्रीचा उपाय म्हणजे हेलिकॉइल बसवणे. ही स्टेनलेस स्टीलच्या तारेची, आट्यांच्या आकाराची स्प्रिंग असते. भोक थोडे मोठे करून तिच्यासाठीच्या खास टॅपने नवे आटे पाडले जातात आणि त्यांत ही स्प्रिंग बसवली की आतून पुन्हा प्लगच्या मूळ मापाचे आटे मिळतात. सामान आणण्यापूर्वी जुना प्लग सोबत न्यावा आणि माप नक्की करावे. होंडा जीएक्स १६० सारख्या वीडर व पंपाच्या इंजिनात १४ मिलिमीटर व्यासाचा, १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा आणि १९ मिलिमीटर लांब आट्याचा प्लग असतो. अनेक दोन-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये व्यास तोच, पण आट्याची लांबी केवळ ९.५ मिलिमीटर असते. होंडाच्या जीएक्स ३५ या लहान चार-स्ट्रोक इंजिनात तर प्लगच १० मिलिमीटरचा असतो. लांबीकडे दुर्लक्ष करू नये, कारण जास्त लांब स्प्रिंग ज्वलनकक्षात डोकावून तापते आणि आखूड स्प्रिंग प्लगच्या टोकाचे आटे उघडे ठेवते, ज्यांवर कार्बन चढतो.

या कामात खरी काळजी घ्यायची ती अ‍ॅल्युमिनियमच्या किसाची. किसाचा एक तुकडा जरी सिलिंडरमध्ये राहिला, तरी तो पिस्टन आणि रिंगांमध्ये अडकून आतला पृष्ठभाग खरवडतो, आणि प्लगच्या भोकाची दुरुस्ती सिलिंडर बदलण्यापर्यंत जाते. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून हेड जागेवर असतानाच आटे पाडता येतात, असे अनेक फिटर सांगतात आणि काही वेळा ते निभावतेही. तरीही माझा आग्रह आहे की हेड उतरवूनच काम करावे. जीएक्स १६० चे हेड चार बोल्टांवर असते आणि ते सुटे केल्यावर कीस पूर्ण धुऊन काढता येतो. बसवताना नवे गॅस्केट वापरावे, बोल्ट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने २४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत आणि इंजिन थंड असताना वाल्वची फट इनलेटला ०.१५ व एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर आहे ना, ते पाहावे. दोन-स्ट्रोक ब्रश कटरचे हेड व सिलिंडर बहुधा एकाच ओतकामात असतात, त्यामुळे तेथे पूर्ण सिलिंडर वर काढावा लागतो. तो पुन्हा घालताना रिंगांची तोंडे पिस्टनवरील बारीक पिनांवर आली आहेत याची खात्री करावी आणि सिलिंडर फिरवत फिरवत दाबू नये, नाहीतर रिंग तुटते.

काम सुरू करण्यापूर्वी टाकीतील पेट्रोल रिकामे करावे आणि प्लगभोवतीची माती ब्रशने झाडून घ्यावी. टॅप भोकाला अगदी सरळ लागला पाहिजे. तो थोडा जरी कलला तरी प्लगचा वॉशर एका बाजूने टेकतो आणि गळती कायम राहते. ज्यांच्याकडे ड्रिल स्टँड नाही त्यांनी हे एवढे काम लेथवाल्याकडून करून घेणे शहाणपणाचे ठरेल. टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवावा. हेड सुटे असल्याने थोडे रॉकेल सोडल्यास आटे स्वच्छ पडतात. मग भोक धुऊन कोरडे करावे आणि स्प्रिंग बैठकीच्या पातळीपासून पाव ते अर्धा फेरा खाली जाईल इतकी फिरवावी. तिच्या तळाशी असलेली आडवी शेपटी लांब तोंडाच्या पकडीने खाली-वर वाकवून मोडावी आणि मोडलेला तुकडा हातात आल्याशिवाय हेड बसवू नये. स्प्रिंग स्वतःच्या ताणाने धरून राहते, तिला डिंक किंवा सील लावण्याची गरज नसते.

भोकाच्या भोवतालची भिंतच तडकली असेल, तर स्प्रिंगला धरायला जागा उरत नाही. तेथे अर्गन वेल्डिंगने भोक भरून पुन्हा आटे पाडणे किंवा हेड बदलणे हेच मार्ग उरतात. स्वस्तातल्या ब्रश कटरला हा खर्च परवडेल का, याचा हिशेब आधी करावा.

दुरुस्तीनंतर प्लग नेहमी हातानेच सुरू करावा. इंधनाच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर चढवून फिरवल्यास प्लग तिरका जात असल्याचे लगेच कळते, कारण नळी घसरते आणि आटा वाचतो. प्लग बोटांनी टेकल्यावर वॉशर नवा असेल तर पान्याने अर्धा फेरा, आणि वापरलेला असेल तर पाव फेऱ्याच्या आतच आवळावा. इंजिन सुरू करून प्लगभोवती साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आले नाहीत तर बैठक बरोबर आहे. पुढे कधी प्लग काढताना त्याच्याबरोबर स्प्रिंगही बाहेर आली, तर घाबरू नये. हेडमध्ये पाडलेले मोठे आटे शाबूत असतात आणि त्याच मापाची नवी स्प्रिंग पुन्हा टॅप न मारता त्यांत बसते.