क्रूझवर इंटरनेट आणि ई-मेल वापरताना या चुका टाळा

सिंगापूरहून पेनांग-फुकेतची क्रूझ आपल्याकडच्या कुटुंबांत आता चांगलीच रुळली आहे. तिकीट, व्हिसा, बॅगा यांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. इंटरनेटचा विषय मात्र जहाजावर चढल्यावर निघतो आणि तिथे तो महागात पडतो. खरं तर आपण जाणूनबुजून जेवढं इंटरनेट वापरतो, त्यापेक्षा फोन मागच्या मागे जे करत असतो त्यातच जास्त पैसे जातात. उरलेले जातात ते घाईत घेतलेल्या पॅकेजात. हा बहुतेक खर्च निघण्याआधी घरी बसून वाचवता येतो.

फोन फ्लाइट मोडवर न टाकणं

सगळ्यात महागडी चूक ही. मोठ्या क्रूझ जहाजांवर स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर पुढे गेलं की ते सुरू होतं आणि उपग्रहामार्फत चालतं. फोनवर ‘सेल्युलर ॲट सी’ किंवा ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तुम्ही त्या नेटवर्कवर आहात असं समजा. तुमचा सिंगापूर-मलेशियाचा रोमिंग पॅक इथे बहुधा चालत नाही, कारण तो देशांसाठी असतो आणि जहाज त्या यादीत नसतं. मग प्रत्येक एमबीचा वेगळा दर लागतो. फोन खिशात असताना शंभर फोटो बॅकअपला गेले, तर बिल घरी परतल्यावरच कळतं.

म्हणून जहाज धक्क्यावरून सुटण्याआधी फ्लाइट मोड चालू करा आणि मग फक्त वाय-फाय चालू करा. डेटा रोमिंग बंद केलं म्हणजे भागलं, असं समजू नका. त्या नेटवर्कवर आलेला फोन उचलला तरी मिनिटाचे पैसे लागतात. आजी-आजोबांचा फोन त्यांच्या हातात देण्याआधी हे स्वतः करून द्या.

जहाजावर चढून पॅकेज घेणं

वाय-फायचं पॅकेज कंपनीच्या वेबसाइटवर निघण्याआधी घेतलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं. जहाजावरचे दर कंपनीप्रमाणे बदलतात, पण एका फोनसाठी दिवसाला १५ ते ३० डॉलरचा हिशेब धरून चाला. चौघांच्या कुटुंबाने प्रत्येकी वेगळं पॅकेज घेतलं, तर चार रात्रींत ही रक्कम बंदरावरच्या एखाद्या सहलीएवढी होते.

पॅकेज निवडताना लोक नावावर जातात आणि सगळ्यात वरचं घेतात. स्वतःला एकच प्रश्न विचारा: मला व्हिडिओ कॉल करायचाच आहे का? घरी ‘पोचलो, सगळे ठीक’ एवढंच कळवायचं असेल, तर फक्त मेसेजिंग आणि सोशल मीडियाचं साधं पॅकेज पुरतं. कार्निव्हलसारख्या कंपन्या असं पॅकेज वेगळं विकतात. मात्र त्यात ई-मेल चालतो का, हे घेण्याआधी तपासा. पुष्कळदा नाही चालत. ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारं व्हीपीएनसुद्धा अशा पॅकेजवर अडतं. याउलट व्हायकिंगच्या तिकिटात आणि व्हर्जिन व्हॉयेजेसच्या काही तिकिटांत वाय-फाय धरलेलंच असतं, तिथे वेगळे पैसे भरण्याआधी नीट वाचा.

माझं स्पष्ट मत: तीन-चार रात्रींच्या क्रूझला कुटुंबात एका फोनचं एक पॅकेज पुरे. बहुतेक कंपन्यांमध्ये एका फोनवरून लॉगआउट करून त्याच खात्याने दुसऱ्या फोनवर लॉगइन करता येतं. संध्याकाळी जेवणानंतर आलटून-पालटून अर्धा-अर्धा तास घ्या. स्वतःचा राउटर नेऊन सगळ्यांना वाटायचा बेत मात्र करू नका, अनेक जहाजांवर त्याला मनाई आहे.

नॉर्वेजियनसारख्या काही कंपन्यांच्या ऑफरमध्ये इंटरनेटची ठराविक मिनिटं मिळतात. तिथे ब्राउझर बंद केला म्हणजे मिनिटं थांबत नाहीत. लॉगआउटचं बटण दाबून ‘डिस्कनेक्टेड’ दिसेपर्यंत थांबा. २४ तासांचा पास असेल तर तो संध्याकाळी सुरू करा, म्हणजे आजची संध्याकाळ आणि उद्याचा दिवस दोन्ही पदरात पडतात.

फोनला मोकळं सोडणं

जहाजाचं वाय-फाय फोनला घरच्या वाय-फायसारखंच वाटतं. मग तो त्यावर ॲप अपडेट करतो, गूगल फोटोज आणि आयक्लाउडला चित्रं पाठवतो, व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतो. मिनिटांचं पॅकेज असेल तर तुमची मिनिटं यातच संपतात, दिवसाचं असेल तर तुमचा एक ई-मेल या गर्दीत अडकून राहतो. अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायला ‘मीटर्ड’ (मोजून वापरायचं) करा, आयफोनमध्ये ‘लो डेटा मोड’ लावा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवरचे सकाळचे फोटो घरी आल्यावर पाहता येतील.

ई-मेल थेट ऑनलाइन बसून लिहिणं

पत्र विचार करत लिहायला वेळ लागतो, पाठवायला क्षणभर. म्हणून आधी ऑफलाइन लिहा. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये फ्लाइट मोडवर लिहून ‘पाठवा’ दाबलं की मेल आउटबॉक्समध्ये थांबतो आणि वाय-फाय जोडताच जातो. लॅपटॉपवर क्रोममध्ये जीमेलची ‘ऑफलाइन’ सोय घरीच चालू करा. ती ७, ३० किंवा ९० दिवसांचे मेल उतरवून ठेवते. विमान तिकीट, हॉटेल, विमा यांच्या पीडीएफ फोनमध्ये वेगळ्या साठवा. जीमेलच्या साध्या एचटीएमएल, म्हणजे हलक्या, रूपात काम करण्याचा जुना सल्ला आता निरुपयोगी आहे. गूगलने ते २०२४ मध्ये बंद केलं.

खरी गोची होते ती ओटीपीची. फोन फ्लाइट मोडवर असताना एसएमएस येत नाही आणि नव्या ठिकाणाहून लॉगइन दिसलं की गूगल ओळख पटवायला सांगतं. यावर दोन उपाय आहेत, दोन्ही घरी करायचे. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातून ओटीपीऐवजी वापरायचे १० बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. दुसरा उपाय म्हणजे ऑथेंटिकेटर ॲप, जे इंटरनेट नसतानाही दर ३० सेकंदांनी नवा कोड देतं.

मात्र इथे एक बारकावा आहे. जहाजाची वेळ प्रवासात पुढे-मागे होते आणि फ्लाइट मोडवरचा फोन ती आपोआप घेईलच असं नाही. मग अनेक जण घड्याळाचे काटे हाताने एक तास सरकवतात. असं केलं की ऑथेंटिकेटरचे सगळे कोड चुकीचे ठरतात, कारण ते फोनच्या मूळ जागतिक वेळेवरून बनतात. तास सरकवू नका, टाइम झोन बदला. कोड पुन्हा चालू लागतात.

बँकेचे ओटीपी मात्र बहुधा एसएमएसनेच येणार. बिलं, एसआयपी, कार्डाचे हप्ते निघण्याआधी उरका. बंदरावर उतरल्यावर भारतीय सिमचा डेटा बंद ठेवून ते थोडा वेळ चालू केलं, तर अडकलेले एसएमएस येऊ शकतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतातच सुरू करून घ्यावं लागतं.

लॉगइनचं पान उघडत नाही

वाय-फाय जोडलेलं दिसतं आणि पुढे काहीच होत नाही. अशा वेळी रिसेप्शनच्या रांगेत जाण्याआधी हे करून पाहा. व्हीपीएन बंद करा. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला जाहिराती अडवणारा पत्ता घातला असेल तर तो ‘ऑटोमॅटिक’वर आणा, आयफोनमध्ये ‘प्रायव्हेट रिले’ बंद करा. मग ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ (neverssl.com) टाइप करा. ही साइट याचसाठी आहे, लॉगइनचं पान बहुधा तिथे उगवतं. पैसे भरूनही फोन ‘नवा’ समजला जात असेल, तर आयफोनमध्ये त्या वाय-फायचा ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ ‘फिक्स्ड’ करा. बदलत्या पत्त्यामुळे जहाजाची यंत्रणा गोंधळते.

नेट मंद असेल तर वेळ बदला. जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी सगळेच ऑनलाइन असतात. पहाटे किंवा सगळे बंदरावर उतरलेले असताना वेग वाढतो. जहाजाचं वाय-फायही उपग्रहावरूनच येतं. जुने उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात, म्हणून कॉलमध्ये आवाज उशिरा पोचतो. रॉयल कॅरिबियनने २०२२ मध्ये स्टारलिंक ही कमी उंचीवरच्या उपग्रहांची इंटरनेट सेवा जहाजांवर बसवण्याचं जाहीर केलं. ते उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आहेत आणि फरक लगेच जाणवतो. पण अलास्का किंवा नॉर्वेच्या अरुंद खाड्यांत डोंगर आकाश अडवतात, तेव्हा महत्त्वाचा मेल खाडीत शिरण्याआधीच पाठवा.

बंदराचा उपयोग न करणं

स्वस्त इंटरनेट जमिनीवर आहे. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला, म्हणजे जॉर्ज टाउनच्या अगदी कडेला लागतं. फुकेतला मोठी जहाजं पातोंगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या होडीने किनाऱ्यावर नेतात. मलेशिया आणि थायलंड दोन्हींचं मिळून एक ई-सिम घरूनच घेतलं, तर व्हिडिओ कॉल, फोटो, मोठे मेल सगळं तिथे होतं. युरोपीय संघात २०१७ पासून एका सदस्य देशाचं सिम इतर सदस्य देशांत जादा रोमिंग शुल्काशिवाय चालतं, पण तुर्कस्तानात नाही आणि जहाजाच्या नेटवर्कवर तर नाहीच. अलास्कात जुनोला उतरलात तर धक्क्याजवळच्या सार्वजनिक वाचनालयात मोफत वाय-फाय आहे. बंदरात चांगलं नेट कुठे मिळतं, हे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांना विचारा. त्यांच्यात गोव्याचे आणि मुंबईचे अनेक जण असतात, घरी रोज बोलण्यासाठी त्यांनी त्या जागा हेरून ठेवलेल्या असतात.

घरच्यांनाही आधी सांगून ठेवा: कोणत्या दिवशी समुद्रात आहात, कोणत्या दिवशी बंदरात, जहाजाचं नाव, केबिन नंबर आणि कंपनीचा आपत्कालीन फोन. मग दोन दिवस निळी टिक दिसली नाही तरी पुण्यात कोणी घाबरत नाही.

आणि पैसे भरूनही नेट चाललं नाही तर गप्प बसू नका. किती वाजता, कुठल्या डेकवर, किती वेळ बंद होतं ते लिहून ठेवा आणि गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर त्या दिवसाचे पैसे परत मागा. शेवटच्या सकाळी तिथे मोठी रांग असते आणि बिल बंद झालेलं असतं, म्हणून हे काम आदल्या दुपारीच करा.