डायनोला जायच्या आधी टाकीत काय आहे ते बघा

रीमॅप (इंजिनाच्या कंप्युटरचं, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) करायचं ठरलं की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, स्ट्रीट ट्यून (रस्त्यावर चालवून) करू की डायनो (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं मशीन), पण टाकीत पेट्रोल कुठलं आहे हे कोणी विचारत नाही. म्हणून यादीत पहिलं तेच टाकतोय. जे पेट्रोल तुम्ही रोज भरणार तेच टाकीत पाहिजे, आणि तेही त्या दिवशी सकाळी टॉप-अप मारून नाही, आधीच्या दोन टाक्या तेच भरलेलं. मी गेल्या वेळी खास १०० ऑक्टेनचं पेट्रोल (ऑक्टेन जास्त तेवढं ते आपोआप पेटायला कमी तयार) भरून गेलो, डायनोवर आकडा जबरदस्त आला, आणि नंतर रोजच्या पंपावरचं साधं ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) पडल्यावर त्याच फाइलवर (ट्यूनरने टाकलेल्या सॉफ्टवेअरवर) गाडी नॉक करायला लागली (सिलेंडरमध्ये इंधन आपोआप पेटून ठोके), ईसीयूने टायमिंग (ठिणगीची वेळ) इतकं मागे खेचलं की स्टॉक गाडी बरी वाटायची. फाइल परत बनवून घ्यावी लागली, पूर्ण पैसे देऊन.

दोन टाक्या का, तर तळाशी आधीचं उरलेलं असतं ते मिसळतं, आणि ईसीयूचे फ्युएल ट्रिम्स (इंधनाचं प्रमाण आपोआप जुळवणारे आकडे) नवीन पेट्रोलवर बसायला वेळ लागतो. बरं, प्रश्न नुसता ऑक्टेनचा नाही. निव्वळ पेट्रोलला आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७ च्या आसपास, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, फुल थ्रॉटलला डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलेंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या) गाडीत हाय प्रेशर पंपावर ताण येतो. म्हणून ट्यूनरशी बोलताना एएफआर (हेच हवा-इंधन प्रमाण) नको, लॅम्डा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचं आदर्श प्रमाण) बोला, मग पेट्रोल कुठलंही असो आकड्याचा अर्थ बदलत नाही. १०० ऑक्टेन लिटरला दीडशेच्या वर जातं आणि निवडक पंपांवरच मिळतं, ते रोज परवडत असेल तर त्यावर खुशाल ट्यून करा, पण मग रोज तेच भरा. दोन मॅप (दोन पेट्रोलसाठी दोन फाइली) बनवून घेतले तर उत्तम, फक्त कुठला मॅप चालू आहे ते विसरू नका.

एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक, हे सांगायला नको. ऑइल ताजं आणि एपीआय एसपी ग्रेडचं, कारण छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमला जास्त लोड आला की एलएसपीआयचा (कमी आरपीएमला इंधन ठिणगीआधीच पेटण्याचा) धोका असतो, आणि रीमॅपनंतर खालचा टॉर्क वाढतोच. त्यामुळे नंतरसुद्धा १५०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पाय दाबून ठेवू नका, पिस्टन जातो. प्लग नवीन घाला, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढणार असेल तर गॅप थोडा कमी, नाहीतर वरच्या आरपीएमला मिसफायर येतो आणि दिवसभर सगळे फाइलमध्ये चूक शोधत बसतात. बूस्ट पाइपची स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) घरून निघायच्या आधी करून घ्या, डायनोचं भाडं तासावर असतं आणि तिथे क्लॅम्प शोधत बसायचं म्हणजे पैसे पाण्यात. डीएसजीवाल्यांनो (फोक्सवॅगन-स्कोडाचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक), ड्राय क्लचचा डीक्यू२०० गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंतचाच आहे, कंपनीने भारतातल्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयचा टॉर्क बरोबर तिथेच ठेवला होता, तर ट्यूनरला गिअरबॉक्स आधी सांगा, हॉर्सपॉवर नंतर.

आता डायनो. पहिला रन स्टॉक फाइलवर, त्याच डायनोवर, त्याच दिवशी. हा बेसलाइन नसेल तर शेवटच्या आकड्याला काही अर्थ नाही, कारण दुसऱ्या गॅरेजचा डायनो वेगळा आकडा देतो, करेक्शन (हवामानानुसार आकड्यात केलेली दुरुस्ती) वेगळं लावलेलं असतं, कोणी चाकावरचं सांगतो कोणी क्रँकवरचं, म्हणजे थेट इंजिनाचं. डायनो लोड धरू शकतो की नुसता जड रोलर आहे ते फोनवरच विचारा. लोडवाल्यावर गाडी ३००० आरपीएमला स्थिर ठेवून एकेक जागा नीट करता येते, नुसत्या रोलरवर फक्त पुल (फुल थ्रॉटलने रेडलाइनपर्यंतचे रन) मारता येतात. पंखा किती मोठा आहे ते डोळ्यांनी बघा. मुंबईच्या मे महिन्यात बंद शेडमध्ये छोट्या पंख्यावर इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) तापतच जातो, म्हणून दर रनच्या आधी इनटेक तापमान सारखं येईपर्यंत थांबा, ट्यूनर घाई करत असेल तरी थांबा. टायरमध्ये अडकलेले खडे काढा, गाडी बांधणारे पट्टे स्वतः तपासा, रन चालू असताना गाडीच्या पुढेमागे कोणीही उभं राहायचं नाही, व्हिडिओसाठीसुद्धा नाही. आणि पहिल्या रनच्या आधी ट्यूनरला परत एकदा सांगा की टाकीत रोजचं पेट्रोल आहे, तो स्वतःहून वेगळ्या पेट्रोलचा डबा घेऊन आला तर नाही म्हणा.

रस्त्यावरचं ट्यूनिंग म्हणजे रात्री फ्रीवेवर पुल मारणं नाही, हे कृपा करून समजून घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत गेलं की बहुतेक गाड्या १०० च्या वर जातात, ईस्टर्न फ्रीवेला मर्यादा ८० आहे, अटल सेतूला १००, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आहेत. दुसऱ्याचा जीव जाईल. फुल थ्रॉटल डायनोवर, नाहीतर ट्रॅकवर. रस्त्यावर बाकीचं सगळं बघायचं, जे डायनो दाखवतच नाही: सकाळचं कोल्ड स्टार्ट, एसी चालू ठेवून जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) ट्रॅफिकमध्ये रेंगाळणं, हलका थ्रॉटल दिल्यावर येणारा झटका, खंडाळ्याच्या चढावर बराच वेळ अर्धा थ्रॉटल. लॅपटॉप शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे, ड्रायव्हरने स्क्रीनकडे बघायचं नाही. लॉगमध्ये सिलेंडरप्रमाणे टायमिंग करेक्शन, लॅम्डा, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, इनटेक तापमान, रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब) घ्या, आणि प्रत्येक फाइलच्या नावात पेट्रोल लिहा. परत सांगतो, पेट्रोल लिहा. मला निवड करायची झाली तर आधी डायनो, मग रस्ता, आणि पैसे एकाचेच असतील तर रस्त्यावर हळूहळू लॉग घेत करणारा चांगला ट्यूनर घाईत आकडा काढून देणाऱ्या डायनोपेक्षा बरा, फक्त त्याचे फुल थ्रॉटलचे पुल ट्रॅकवर करा.

बाकी पटकन. ओरिजिनल फाइलचा बॅकअप स्वतःकडे घ्या. फ्लॅश करताना (ईसीयूत फाइल टाकताना) बॅटरीला चार्जर लावा, मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू जातो. वॉरंटी असेल तर फोक्सवॅगन-स्कोडाच्या सिस्टिममध्ये टीडी१ (सॉफ्टवेअर बदलल्याची खूण) लागू शकतो, मग क्लेम विसरा. इन्शुरन्सवाल्यांना कळवा. कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू नका, पीयूसी अडकतं.