सांगलीत एकांकिका आणि लघुपटाची संध्याकाळ कशी जमवाल

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात. सांगलीकराला नाटक नवं नाही, फुकट बघायची सवयही नवी नाही. म्हणून तिकीट ठेवाच, वीस रुपये का असेना.

तारीख ठरवण्याआधी परीक्षांचं वेळापत्रक बघा. विलिंग्डन, वालचंद कॉलेजची पोरं अभ्यासात अडकली की खुर्च्या रिकाम्या. लघुपटाच्या दिग्दर्शकाची आणि एकांकिकेच्या लेखकाची परवानगी लेखी घ्या.

खरी मेहनत हॉलवर. पडद्याची खालची कड चांगली चार फूट वर घ्या, नाहीतर मागच्यांना सबटायटल्सऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात. फिल्म पेन ड्राइव्हवरून थेट लावू नका. लॅपटॉपवर कॉपी करून शेवटपर्यंत चालवून बघा. आवाज लावताना पंखे फुल्ल सोडा. शांत, रिकाम्या हॉलमध्ये काय, सगळंच छान ऐकू येतं!

एकांकिका आधी, फिल्म नंतर. उलट केलंत तर नेपथ्य लागेपर्यंत निम्मं पब्लिक चहाला जातं आणि तिकडेच रमतं. भडंगाच्या पुड्या मात्र मध्यंतरातच विका, संवाद चालू असताना तो कागद फार वाजतो.