पोरांसाठी कादंबरी लिहिताय आणि मधेच अडकलात? या चुका टाळा

लातूर-नांदेडकडचे बरेच जण आजकाल तेरा ते अठरा वयाच्या पोरांसाठी कादंबरी लिहायला लागलेत आणि मला मनापासून आनंद होतो, कारण आपल्याकडं चौदापर्यंत ठीक आहे, बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून चालूय, शाळेत येतं, लेकरं वाचतात, पण दहावी लागली की पुस्तक सुटतं ते सुटतंच, मग हातात एकतर गाईड नाहीतर मोबाईल. त्या वयासाठी लिहिणारे पाहिजेत. आणि सगळ्यांचा फोन एकाच गोष्टीसाठी येतो, "मॅडम, चाळीस पानं झाली, पुढं सरकंना." मी दोन लिहिल्या, तिसरी चालू आहे, तिन्ही वेळेला मी पण तिथंच अडकले. म्हणून काय काय चुकतं ते लिहून ठेवतेय.

पहिली चूक म्हणजे सुचायची वाट बघत बसणं. विषय मोठा पाहिजे, काहीतरी वेगळं पाहिजे, असं म्हणत वर्षं जातात. माझी दुसरी कादंबरी कुठून आली सांगते. मी तेव्हा केज तालुक्यात शाळेवर होते. दिवाळी झाली की तिकडं गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं धरतात, आणि घरी आजी-आजोबा नसले तर लेकरं पण सोबत फडावर. त्या दिवशी शाळेसमोर ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ताडपत्री, पाण्याचे ड्रम, पायाला सुतळी बांधलेली एक कोंबडी. आठवीतली एक पोरगी धावत आत आली, हातात लायब्ररीचं पुस्तक, आणि म्हणाली, "मॅडम, अर्धंच झालंय, मार्चपर्यंत ठिवू का?" बस, एवढंच. त्या रात्री मी वहीत तेवढं एकच वाक्य लिहिलं, त्यावर माझं मत नाही, हळहळ नाही, फक्त कोण म्हणालं, कुठं, कधी. सात महिन्यांनी त्याच वाक्यापासून पहिलं प्रकरण सुरू झालं. तेव्हापासून रोज एक ऐकलेलं वाक्य वहीत, एसटी स्टँडवरचं, मेसच्या रांगेतलं, कुठलं पण. कान उघडा ठेवला तर आपल्याकडं विषयाचा दुष्काळ नाही हो.

दुसरी चूक मला सगळ्यात महागात पडली, ती म्हणजे आपलं बालपण लिहिणं. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारी जवळच. किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र, लोक मिरवणुकीतनं येऊन नुकते झोपलेले, आणि दगडमातीच्या रुंद भिंती, वरती मातीचं जड माळवद, सगळं अंगावर. मी आठवीत होते. पहिल्या कादंबरीत मी ते सगळं ओतलं, नव्वद पानं. नववीतल्या भाचीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, "आत्या, छान आहे, पण हे तू तुझ्यासाठी लिहिलंय." लै लागलं तेव्हा. पण तिचं बरोबर होतं. आज चौदा वर्षाच्या पोरासाठी भूकंप म्हणजे आजीची गोष्ट. मग मी सगळं मोडलं आणि गोष्ट आजच्या पोरीची केली, जी पुनर्वसनाच्या गावात राहते, जिथं रस्ते रुंद आणि घरं एका ओळीत, आणि तिला एकच कोडं आहे की आपली आजी थंडीत पण अंगणातच का झोपते आणि दाराला कडी का लावू देत नाही. भूकंप तोच, पण आता तो पोरीच्या डोळ्यानं दिसायला लागला. तुमच्या आठवणी फेकून देऊ नका, पण त्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरात नेऊन ठेवा आणि आजच्या पोराला दार वाजवू द्या.

भाषेचं. आपली पोरं आपसात "काय करायलास?" "जेवायलो", "लै बोर व्हायलंय" असं बोलतात, आणि लिहिणारे त्यांच्या तोंडी घालतात "तू काय करत आहेस?" पान तिथंच मरतं. पण उलटी चूक पण असते, म्हणजे फक्त गडी माणूस आणि म्हातारी गावाकडचं बोलणार आणि शिकलेला हिरो पुस्तकी बोलणार, हे तर मला अजिबात पटत नाही, कारण आपल्याकडं डॉक्टर झालेला माणूस पण आईला फोनवर "जेवलीस का माय" असंच म्हणतो. निवेदन साधं प्रमाण ठेवलं तरी चालतं, संवाद मात्र मोठ्यानं वाचा, जिभेला जिथं अडखळेल तिथं बदला.

आता ते चाळीसावं पान. इथं नव्वद टक्के वेळा एकच बिघाड सापडतो, की पोराचा प्रश्न कुणीतरी मोठं माणूस सोडवायला आलेलं असतं. माझ्याकडं एकानं हस्तलिखित दिलं होतं, विषय एक नंबर, हिंगोलीकडचा पोरगा लातूरला रूम करून राहतोय, नीट परीक्षेचं रिपीट चालू आहे, 720 पैकी किती पडायलेत हे घरी खरं सांगत नाही, तीन पोरं एका खोलीत, भिंतीवर टाईमटेबल, दोरीवर ओले टॉवेल, हे सगळं जिवंत लिहिलेलं. आणि चाळीसाव्या पानावर क्लासचे सर येतात, दोन पानं समजावतात, पोराचे डोळे भरतात, आणि तो अभ्यासाला लागतो. मग पुढं लिहायला राहतंच काय? गोष्ट संपली ना. म्हणून लेखक अडकतो, आणि त्याला वाटतं सुचायचं बंद झालं.

याला उपाय म्हणजे सरांचं भाषण काढा आणि स्वतःला विचारा, या पोराला आज रात्रीपर्यंत काय पाहिजे? आयुष्यात काय पाहिजे ते नाही, आज रात्रीपर्यंत. त्याला पाहिजे की उद्या रविवारी भेटायला येणाऱ्या बापूनं, म्हणजे त्याच्या वडलांनी, टेस्टचा कागद मागू नये. मग तो काय करेल? रूममेटचा कागद मागेल, खोटं बोलेल, सकाळीच बाहेर निघून जाईल, आणि बापू डबा घेऊन दारात बसून राहील. बघा, झाली की नाही पंधरा पानं. पोरांना चुकू द्या आणि त्या चुकीचं त्यांनाच निस्तरू द्या. उपदेश करायचा मोह मला शिक्षक म्हणून रोज होतो, तरी सांगते, पोरांना तो एका ओळीत कळतो आणि ती पुस्तक मिटतात.

पहिल्या पानाचं पण ऐका. 2022 ला उदगीरला 95 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी पुस्तकांच्या स्टॉलपाशी बराच वेळ नुसती उभी होते, पोरं काय करतात बघत. पुस्तक उचलायचं, पहिलं पान उघडायचं, पाचसहा ओळी, आणि खाली. ज्यात पहिल्याच ओळीत कुणीतरी काहीतरी करत होतं ते जास्त वेळ हातात राहायचं. गावाचं वर्णन, सूर्योदय, वंशावळ, हे मागं ढकला.

सवयीबद्दल थोडक्यात, कारण इथं फार काही गुपित नाही. सुट्टीत लिहू म्हणाल तर होत नाही. मी पहाटे पावणेपाच ते सहा लिहिते, नळाला पाणी यायचं असेल त्या दिवशी लिहिणं नाही, बाकी रोज तीनशे शब्द. तीनशे म्हणजे वहीची दोन पानं, पण शंभर दिवसात तीस हजार होतात आणि या वयाच्या कादंबरीला तेवढ्यात बरंच काही मावतं. प्रसंग अर्धा असतानाच उठायचं, दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करू हा प्रश्न राहत नाही. आणि कालचं लिहिलेलं दुरुस्त करत बसू नका, मी पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहिलं आणि दुसरं एकदाही नाही, असं एक अख्खं वर्ष गेलंय माझं.

शेवटची चूक, फक्त मोठ्यांना वाचायला देणं. आणि पोरांना दिलं तरी "कसं वाटलं?" विचारणं, कारण मॅडमला पोरं छानच म्हणणार. मी प्रिंट काढून देते आणि एवढंच सांगते, जिथं कंटाळा आला तिथं कोपरा दुमडा, नाव लिहायचं नाही. आत्ता तिसऱ्या कादंबरीची पानं पाच पोरांकडून परत आलीत आणि त्यातल्या चौघांनी 23 व्या पानाचा कोपरा दुमडलाय. तिथं आजोबा नातवाला जायकवाडी धरणाची माहिती सांगायलेत, 1965 ला पायाभरणी, 1976 ला उद्घाटन, 27 दरवाजे, सगळं खरं आणि सगळं माझ्या टाचणातलं. उद्या पहाटे ते पान काढतेय. त्याऐवजी उन्हाळा असेल, धरणाच्या नाथसागराचं पाणी उतरलेलं असेल, चिखलाला भेगा पडलेल्या असतील आणि त्यात पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावातल्या एका घराचा दगडी उंबरठा उघडा पडलेला असेल, आणि आजोबा चपला काढून बाजूला ठेवत असतील, आणि नातवाला कळत नसेल की इथं तर घरच नाही, मग हे चपला का काढायलेत.