पाणथळ परसात तळं खणताय? या चुका टाळा

कोकणात सखल जागी घर असेल तर परसाचा एखादा कोपरा जून ते ऑक्टोबर पायाखाली पचपचत राहतो. भाजी कुजते, केळ धड उभी राहत नाही. मग कुणीतरी सुचवतं, इथे तळंच खणू या, बेडूक येतील, चतुर येतील. कल्पना चांगलीच आहे. पण अशा जागी फसलेली तळी पाहिली तर बहुतेक वेळा कोरड्या जमिनीची युक्ती ओल्या जमिनीला लावलेली असते. कोरड्या जमिनीत पाणी खाली मुरू नये म्हणून आटापिटा करावा लागतो. इथे पाणी खालूनच येतं.

म्हणून सगळ्यात महागात पडतो तो शेततळ्याचा प्लास्टिक कागद. पावसाळ्यात उपळ फुटली की भूजल या कागदाखाली चढतं. तळं काठोकाठ भरलेलं असेल तोवर आतलं पाणी कागद दाबून धरतं. पण ऐन श्रावणात साफसफाईसाठी तळं उपसलं, आणि बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्यापेक्षा नुसती ३० सेंटीमीटर वर राहिली, तरी दर चौरस मीटरला ३०० किलोचा भार खालून वर ढकलू लागतो. कागद कढईतल्या पुरीसारखा टम्म फुगतो. खाली पालापाचोळा कुजत असेल तर त्याचा वायूही भर घालतो.

फुगलाच, तर मधोमध दगड टाकत बसू नका. फुगवटा बाजूला सरकतो, एवढंच. तळं पुन्हा भरा, उपसायचं काम एप्रिल-मेवर ढकला. जमिनीला उतार असेल तर वरच्या अंगाला तळ्याच्या बुडाइतका खोल चर मारून पाणी खालच्या बाजूला काढून द्या. पाणी काढायला खालची जागाच नसेल तर कागदाचा नाद सोडा. खरं सांगायचं तर पाणथळ जागी तो मुळात लागतच नाही.

मग पाणी टिकणार किती? हे आधी बघायला हवं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. पहारीने मीटरभर खोल, हातभर रुंद खड्डा घ्या, त्यात खुणा केलेली काठी उभी करा, लहान मुलं आणि गुरं पडू नयेत म्हणून वर फळी ठेवा. वर्षभर दर पंधरवड्याला पाणी कुठे आहे ते लिहून ठेवा. गणपतीत पाणी जमिनीलगत आणि होळीला खड्डा कोरडा, असं दिसलं तर घाबरू नका.

कारण पुढची चूक तिथूनच सुरू होते: वर्षभर पाणी हवंच म्हणून खोल खणत जाणं. बेडकांना आटणारं पाणी जास्त मानवतं. पहिल्या पावसात पिवळेजर्द होऊन ओरडणारे मोठे बेडूक साठलेल्या उथळ पाण्यातच अंडी घालतात, कारण तिथे मासे नसतात. बहुतेक जातींचे बेडूकमासे एक-दोन महिन्यांत पाय फुटून बाहेर पडतात. पावसाळ्याअखेर थव्याने घिरट्या घालणारे पिवळट चतुरही असल्याच तात्पुरत्या डबक्यांत वाढतात. पाणी डिसेंबर-जानेवारीपर्यंत टिकलं तरी पुष्कळ झालं. मधला भाग ६० सेंटीमीटर, बाकी सगळं त्याहून उथळ, एवढं पुरतं.

खणायचं मे महिन्यात, मृगाच्या आधी. पावसात पंप लावून खणणाऱ्यांची भिंत रात्रीत ढासळते, कारण आतलं पाणी काढलं की बाहेरचं पाणी माती घेऊनच आत येतं. उतार निवांत ठेवा, एक फूट खोलीला चार फूट लांबी. उभ्या भिंतीच्या, निसरड्या कागदाच्या शेततळ्यांत गुरं, कुत्री, माणसंसुद्धा बुडतात. परसात तसलं काही करू नये. खणलेली माती काठावर रचू नका, पहिल्याच सरीत ती परत तळ्यात येते. वरचा काळा, कसदार थर तर अजिबात आत टाकू नका. त्यातल्या खतावर शेवाळ माजतं आणि पाणी हिरवं होतं.

जागा निवडताना शोषखड्डा कुठे आहे ते बघा. भूजल वर आलं की शोषखड्ड्यातलं आणि तळ्यातलं पाणी एकच होतं. खाडीकाठी राहत असाल तर उन्हाळ्यात त्या चाचणीच्या खड्ड्यातल्या पाण्याची चूळ भरून बघू नका, थोडं पाणी तपासून घ्या. खारं निघालं तर वनस्पतींची यादी बदलावी लागेल. आणि १,००० चौरस मीटरहून मोठं कांदळवन जवळ असेल तर त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात येतो, तिथे परस्पर फावडं मारू नये.

झाडांचं म्हणाल तर जलपर्णी कुणी फुकट दिली तरी नको. पाणकणीसही लहान तळं दोन-तीन वर्षांत गिळून टाकतं. कुमुदिनी, वेखंड, काठाने लव्हाळा पुरे. पाण्यावर झुकणारी एखादी फांदी मात्र राखा, झाडावरचे बेडूक तिथे फेसाची घरटी बांधतात.

आता नेहमीच्या दोन तक्रारी. पाण्यावर तेलकट, इंद्रधनुषी तवंग आणि बुडाला नारिंगी गाळ दिसला की लोक शेजाऱ्याच्या गाडीवर संशय घेतात. काडीने तवंग हलवा. खपलीसारखे तुकडे पडले तर ते लोहजीवाणू. जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर, त्यामुळे तवंग दिसणारच, काही करायचं नाही. तवंग पुन्हा सांधून एक झाला तर मात्र खरंच तेल आहे, ते कुठून येतं ते शोधा.

दुसरी, डासांची. घाबरून गप्पी मासे सोडले जातात आणि ते बेडकांची अंडी-पिल्लंही खातात. वर पुरात ते ओढ्यात गेले की कायमचे. जळकं तेल ओतणं तर विषच. चतुरांच्या अळ्या, पाणकिडे स्थिरावले की डासांच्या अळ्यांचा समाचार घेतात, पण पहिले काही आठवडे जड जातात. तोवर दर चार-पाच दिवसांनी काठ बघा. अळ्या दिसल्या तर गाळणीने काढा किंवा बीटीआय, म्हणजे डासांच्या अळ्या मारणारं जीवाणूंचं औषध, वापरा. आणि काठावरचे गुरांच्या खुरांचे खड्डे बुजवा. तिथे डासांना खाणारं कुणी नसतं, त्यामुळे तळ्यापेक्षा जास्त डास तिथूनच निघतात.